सरफोजी महाराज : दंतकथा आणि दाखला

महाराष्ट्राबाहेर जेथे जेथे मराठी माणसांनी चार घरे केली आणि गणेशोत्सव सुरू केला, तेथे तेथे व्यासपीठावरून तंजावरचे नाव वर्षातून एकदा तरी उच्चारले जातेच. ते स्वाभाविकही आहे. स्वदेशापासून शेकडो कोस दूर, भिन्नभाषी प्रजेमध्ये, मराठी राजघराणे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ नांदले, ही गोष्ट परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना धीर देणारी आहे. त्या घराण्यातील दुसरे सरफोजी महाराज तर आपल्या अभिमानाचा खास विषय होत. जगातील सर्वांत मोठा शिलालेख त्यांनी कोरविला, पहिले मराठी पुस्तक त्यांनी छापविले, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया ते स्वहस्ते करीत, डझनभर भाषा त्यांना अवगत होत्या, अशी विधाने एका वक्त्याकडून दुसऱ्याकडे, एका स्मरणिकेतून दुसऱ्या स्मरणिकेत आणि हल्ली भ्रमणध्वनीवरून घरोघर जात असतात. प्रत्येक हस्तांतरात त्यांत थोडी भरही पडते.

ही विधाने खोडून काढावीत असा आमचा हेतू नाही. सरकारी सेवेत ज्यांची हयात गेली त्यांना एक सवय जडलेली असते. कागद पुढे आला की त्यावर मत देण्यापूर्वी तो कोणी लिहिला, कधी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्याला जोडपत्र काय आहे, हे आम्ही पाहतो. त्याच सवयीने महाराजांचे चरित्र वाचावे असे योजिले आहे. योगायोग असा की, ज्यांच्या आयुष्याचा निकालच पुराव्याच्या तपासणीवर लागला, असे राजे इतिहासात फार नाहीत. सरफोजी त्यांपैकी एक होत.

प्रथम पार्श्वभूमी. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात तंजावरास मराठी गादी स्थापिली. कावेरीच्या पाण्याने भिजणारा तो भाताचा मुलूख, त्यामुळे त्यावर सर्वांचाच डोळा. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने इंग्रज कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले व तुळजाजी राजांना पदच्युत केले. कंपनीच्या विलायतेतील संचालकांना हे मान्य झाले नाही. त्यांनी लॉर्ड पिगट यांना मद्रासचे गव्हर्नर म्हणून धाडले आणि १७७६ मध्ये तुळजाजींस राज्य परत मिळाले. तोच पॉल बेनफिल्ड नावाचा कंपनीचा एक नोकर पुढे आला. नवाबास कर्ज दिल्याबद्दल तंजावरच्या वसुलावर आपला १,६२,००० पौंडांचा, आणि तेथील रयतेस दिलेल्या रकमांबद्दल उभ्या पिकावर ७२,००० पौंडांचा हक्क आहे, असा त्याने दावा मांडला. वर्षाला काहीशे पौंड पगार घेणाऱ्या कनिष्ठ नोकराजवळ एवढी रक्कम आली कोठून, हा प्रश्न कोणासही पडावा. पुरावा मागितला तेव्हा समाधानकारक कागद पुढे आले नाहीत आणि कौन्सिलने दावा प्रथम अमान्य केला. पुढे तोच विषय पुन्हा काढून बहुमताने तो ग्राह्य ठरविण्यात आला. पिगट विरोधास उभे राहिले, तेव्हा त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना २४ ऑगस्ट १७७६ रोजी अटक केली, आणि ११ मे १७७७ रोजी ते बंदिवासातच वारले. त्या सहकाऱ्यांना पुढे विलायतेत शिक्षा झाली ती दरडोई एक हजार पौंड दंडाची.

या प्रकरणाचा उल्लेख येथे मुद्दाम केला. तंजावरच्या राजकारणात पुरावा ही केवळ पंडितांच्या चर्चेची वस्तू नव्हती. कागद मागणाऱ्या गव्हर्नरास तेथे तुरुंग दिसला. पिगट वारले त्यानंतर चार-साडेचार महिन्यांनी, २४ सप्टेंबर १७७७ रोजी, भोसले घराण्याच्या एका दूरच्या शाखेत सरफोजींचा जन्म झाला.

तुळजाजींची मुले अल्पवयातच गेली होती. हैदर अलीच्या १७८१ च्या स्वारीने मुलूख उजाड झाला होता, तिजोरी रिकामी होती आणि राजांची प्रकृती खालावली होती. अशा स्थितीत १७८७ च्या आरंभी त्यांनी सरफोजींना दत्तक घेतले. मुलगा त्या वेळी नऊ वर्षे पूर्ण करून दहाव्यात होता. ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ नावाचे एक वृद्ध जर्मन मिशनरी तंजावरास राहत. त्यांच्या सचोटीवर राजांचा विश्वास होता, म्हणून त्यांनी मुलाचे पालकत्व घेण्याची श्वार्ट्झ यांना गळ घातली. आपण परदेशी धर्मोपदेशक, राजवाड्यातील कारस्थानांत मुलाचे रक्षण आपल्याने होणार नाही, असे सांगून श्वार्ट्झ यांनी नकार दिला व राजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांच्याकडे मुलास सोपवावे असे सुचविले. राजांनी तसे केले आणि थोड्याच दिवसांत ते कालवश झाले.

पालक म्हणून नेमलेल्या अमरसिंहांनी लवकरच गादीवर स्वतःचा हक्क सांगितला. मद्रासचे गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्पबेल यांनी चौकशी आरंभिली व बारा पंडितांचे मत घेतले. पंडितांनी दत्तविधान अशास्त्र ठरविले. त्यांच्या आक्षेपांपैकी दोन प्रमुख होते. मुलगा आपल्या जनक पित्याचा एकुलता एक, आणि दत्तक जाण्याचे त्याचे वय उलटून गेलेले. या मतावर विसंबून अमरसिंहांस गादी देण्यात आली आणि त्याच वर्षी कंपनीने त्यांच्याशी आपल्या सोयीचा तहही करून घेतला. अमरसिंहांच्या स्वतःच्या मातेचा विवाह पूर्ण विधीचा नव्हता, हा प्रश्न मात्र तेवढ्या काटेकोरपणे तपासला गेला नाही. एका पक्षाचे कागद भिंगाखाली आणि दुसऱ्याचे दप्तरात बांधलेलेच, अशी ती चौकशी झाली.

पुढील काही वर्षे सरफोजींच्या वाट्याला वाड्यातील कोंडवास आला. मुलास उजेड नाही, शिक्षण नाही, अशी वार्ता श्वार्ट्झ यांच्या कानी गेली. त्यांनी मद्रास सरकारकडे लकडा लावून मुलास संरक्षण मिळवून दिले. १७९३ मध्ये सरफोजी व तुळजाजींच्या राण्या यांना मद्रासेस हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे पुढील शिक्षण झाले. दरम्यान श्वार्ट्झ स्वस्थ नव्हते. १७८७ मध्ये मत देणाऱ्या पंडितांवर वजन आणले गेले होते, असे त्यांना कळून आले होते आणि त्यांनी ते सरकारास लेखी कळविले. तेव्हा गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी या वादाशी ज्यांचा संबंध नाही अशा काशीच्या व बंगालच्या पंडितांकडे तोच प्रश्न धाडला. त्यांनी दत्तविधान वैध ठरविले. संचालकांची मान्यता आली आणि २९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर बसले. तो दिवस पाहण्यास श्वार्ट्झ राहिले नाहीत. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी तंजावरासच त्यांचा अंत झाला.

येथवरची कथा बहुतेक चरित्रांत आढळते, आणि तेथे पहिले पंडित लाचखाऊ व दुसरे सत्यनिष्ठ असा सरळ निवाडा असतो. परंतु जरा थांबावे. पहिला निर्णय कंपनीस फायद्याचा ठरला हे खरे. पण दुसऱ्या निर्णयानंतर सोळाच महिन्यांनी कंपनीस जे मिळाले ते त्याहून कितीतरी मोठे होते, ते आम्ही पुढे सांगणारच आहोत. लाभ कोणाचा, या एकाच कसोटीवर तपासू गेले तर दोन्ही मते सारखीच संशयास्पद ठरतील. मग निर्णय कशावर करावयाचा?

मतामागील कारणांवर. वयाचा आक्षेप पाहू. पाच वर्षांनंतर मुलगा दत्तक घेऊ नये, हे कालिकापुराणातील वचन दत्तकमीमांसाकार नंदपंडितांनी उचलून धरले आहे. पण त्या वचनाच्या प्रामाण्याविषयी शास्त्रकारांतच मतभेद आहेत. व्यवहारमयूखकर्त्या नीलकंठभट्टांनी तर विवाहित व पुत्रवान पुरुषही दत्तक घेता येतो असे म्हटले आहे, आणि मराठी मुलखात मयूखाचे प्रामाण्य मोठे. दुसरा आक्षेप एकुलत्या एक पुत्राचा. असा पुत्र देऊ नये व घेऊ नये, असे वसिष्ठवचन आहेच. प्रश्न एवढाच की ते वचन उपदेश आहे की निर्बंध, म्हणजे ते मोडून केलेले दत्तविधान निंद्य ठरते की रद्दच होते? या प्रश्नावर ब्रिटिश अमदानीतील न्यायालयेही एकमताची नव्हती. मुंबईच्या उच्च न्यायालयाने १८८९ मध्ये असे दत्तविधान रद्दबातल ठरविले होते. अखेर १८९९ मध्ये मद्रास व अलाहाबाद येथून आलेल्या अपिलांत प्रिव्ही कौन्सिलने ते वैध असल्याचा निर्णय दिला. सरफोजींचे राज्य जाऊन त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती.

यातून दोन गोष्टी निघतात. मत देणाऱ्यावर वजन पडले होते म्हणून त्याचे मत आपोआप चुकीचे ठरत नाही. १७८७ च्या पंडितांशी या एका मुद्द्यावर शतकानंतरचे मुंबईचे न्यायाधीशही सहमत होते. आणि ज्याचे मत आपणांस प्रिय त्याचे ते मत आपोआप बरोबरही ठरत नाही. काशीच्या पंडितांचे मत टिकले ते त्यांच्या कारणांच्या बळावर. ज्यांना या वादात काही मिळवावयाचे नव्हते अशा न्यायाधीशांनी पुढे त्याच दिशेने निर्णय दिला, हा त्यास सर्वांत भक्कम आधार होय. अमरसिंहांच्या बाबतीतही हाच न्याय लावावा. ते जुलमी व नालायक होते हे आपण वाचतो, पण ते लिहिणारे बहुतेक एक तर त्यांना पदच्युत करणारे, नाही तर सरफोजींचे हितचिंतक. त्यांच्या पालकत्वाचा दोष कागदांवरून स्पष्ट दिसतो. बाकीच्या आरोपांना तेवढ्यापुरतेच वजन द्यावे. तिरुविडैमरुदूर येथे पेन्शनीवर राहून ते १८०२ मध्ये वारले.

आता त्या सोळा महिन्यांनंतरच्या घटनेकडे वळू. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले व टिपू मारला गेला. दक्षिणेत कंपनीस तोलामोलाचा शत्रू उरला नाही. २५ ऑक्टोबर १७९९ रोजी गव्हर्नर जनरल वेलस्ली यांच्या कारकिर्दीत सरफोजींशी तह झाला. त्यान्वये तंजावरचा सारा राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला व त्याच्या आतील सत्ता, सालिना एक लक्ष स्टार पॅगोडा म्हणजे होन, आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा, एवढे राहिले. राजांना विद्येची गोडी म्हणून त्यांनी राज्याचे ओझे आपखुशीने उतरविले, असे एक सांगणे आहे. ते गोड आहे, पण कालक्रम त्यास अनुकूल नाही. बावीस वर्षांचा राजा, ज्याला दीड वर्षापूर्वी याच सत्तेने गादीवर बसविले, ज्याचा प्रतिस्पर्धी हयात आहे आणि ज्याच्याजवळ फौज नाही, त्याने केलेल्या सहीस खुशीची सही म्हणणे धाडसाचे होईल. विद्येचा मोठा संसार त्यांनी उभा केला तो या सहीनंतर. ग्रंथालयाने राज्य घालविले असे म्हणण्यापेक्षा, राज्य गेल्यावर उरलेल्या अधिकारातून व उत्पन्नातून त्यांनी ग्रंथालय वाढविले असे म्हणणे कालक्रमास धरून आहे.

गेलेल्या अधिकारांपैकी काही वाचविण्यासाठी त्यांनी केलेली धडपड कागदोपत्री दिसते. रामेश्वरच्या वाटेवर भोसल्यांनी अन्नछत्रे बांधली होती. ती कंपनीच्या ताब्यात जाऊ नयेत म्हणून २८ जानेवारी १८०१ रोजी महाराजांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना सविस्तर पत्र लिहिले. छत्रात कोणत्या जातीच्या वाटसरूस काय मिळते, आजाऱ्याच्या औषधाची सोय काय, बाळंतिणीची व्यवस्था कशी, वाटेत आईबाप दगावलेल्या मुलांना कोण वाढविते, हे सारे त्यात मांडले आहे. हे अर्जदाराचे पत्र आहे, तेव्हा त्यातील चित्र उजळ असणारच. पण त्यात नुसते धर्माचे व कीर्तीचे बोल नाहीत. काय दिले जाते आणि कोणाला, हे बाबवार सांगितले आहे, म्हणजेच तपासता येईल असे सांगितले आहे. वजनदार आणि पोकळ दाव्यांतला भेद येथेच असतो.

यानंतर तो प्रसिद्ध शिलालेख. बृहदीश्वराच्या प्राकाराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेल्या या मराठी लेखात भोसले वंशाचा इतिहास दिला असून तो बाबूराव चिटणीस यांनी रचला. जगातील सर्वांत मोठा शिलालेख हे त्याचे बिरुद मात्र टिकणारे नाही. राजस्थानात राजसमंद तलावाच्या पाळीवर सतराव्या शतकातील राजप्रशस्ती नावाचे संस्कृत महाकाव्य पंचवीस शिलांवर कोरलेले आहे, आणि तिकडचे लोक तेच बिरुद तिला लावतात. ब्रह्मदेशातील मंडाले येथे तर एकोणिसाव्या शतकात समग्र त्रिपिटक सातशेहून अधिक शिलांच्या दोन्ही अंगांस कोरविले गेले. मराठीतील अतिविस्तृत शिलालेख म्हणून तंजावरचा लेख अपूर्व आहे, आणि तेवढे म्हणण्यास कोणाची हरकत असू नये.

लांबीपेक्षा त्याच्या मजकुराचा प्रश्न महत्त्वाचा. पाच वर्षांपूर्वीपर्यंत ज्याच्या वारसाहक्कावर वाद चालू होता, त्याने आपल्या कुळाचा वृत्तान्त दगडात कोरविला, तोही लाखो भाविकांच्या वहिवाटीच्या देवळात. हा इतिहास आहे, तसाच तो एका पक्षकाराचा जबाबही आहे. त्यातील जुन्या पिढ्यांच्या हकिकती परंपरेने ऐकलेल्या, म्हणून त्या अन्य साधनांशी ताडूनच घ्याव्या लागतात. जसजसा लेख महाराजांच्या काळाजवळ येतो तसतसा तो जवळच्या माहितीवर आधारलेला होतो, पण त्याच भागात लेखकाचा स्वार्थही वाढतो. दगडावर कोरले म्हणजे खरे झाले असे नव्हे. कोरविणाऱ्याला ते खरे वाटावयास हवे होते, एवढे मात्र त्यावरून निश्चित कळते.

छापखान्याची गोष्ट अशीच. १८०५ च्या सुमारास महाराजांनी तंजावरास देवनागरी टाइपांचा छापखाना घातला आणि बालबोधमुक्तावली नावाने इसापनीतीचे मराठी भाषांतर १८०६ मध्ये तेथे छापले गेले. हे पहिले मराठी मुद्रित पुस्तक म्हणावे तर १८०५ मध्येच बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण व मॅथ्यूचे शुभवर्तमान छापून झाले होते. रोमन लिपीतले चालत असेल तर फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण गोव्यात राशोल येथे १६१६ मध्ये निघाले होते. पहिलेपणाचा मान असा गेला, तरी उरते ते थोडके नाही. श्रीरामपूर व राशोल येथील उद्योग मिशनऱ्यांचे होते. एका मराठी राजाने आपल्या खर्चाने, आपल्या मुलांनी वाचावे म्हणून गोष्टींचे मराठी पुस्तक छापविले, ही गोष्ट पहिल्या क्रमांकाच्या पदकावाचूनही शोभते.

सरस्वती महाल ग्रंथालय महाराजांनी स्थापिले असे सांगतात. वस्तुतः राजवाड्यातील पोथ्यांचा संग्रह नायक राजांच्या काळापासूनचा. महाराजांनी तो वाढविला, लावला, विलायती पुस्तकांची त्यात भर घातली, आणि त्यांच्या सहीच्या प्रती आजही तेथे आहेत. त्यांना किती भाषा येत होत्या, याचा आकडा सांगणाऱ्यागणिक वाढतो. इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व होते यास स्वतंत्र साक्षी आहेत. इतर भाषांची पुस्तके त्यांच्या कपाटात होती. कपाटातील पुस्तक ही मालकीची खूण, वाचनाची नव्हे, हे घरात विश्वकोशाचे खंड बाळगणाऱ्या आपणांस वेगळे सांगावयास नको.

आता शस्त्रक्रियेविषयी. सरस्वती महालात नेत्ररोग्यांची टिपणे आहेत. रोग्याची हकिकत, उपचार, आणि डोळ्यांची चित्रेही त्यांत आहेत. महाराजांनी उभारलेल्या धन्वंतरी महालात देशी वैद्यकाचे काम चाले, आणि मॅकबीन नावाचे युरोपीय डॉक्टरही त्यांच्या पदरी होते. मोतीबिंदू बाजूस सारण्याची रीत आपल्याकडे सुश्रुतापासूनची, तर दृष्टिमणी काढून टाकण्याची नवी रीत फ्रान्समध्ये दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये सुरू केलेली. या टिपणांवरून काय सिद्ध होते? तंजावरास डोळ्यांचे उपचार होत आणि प्रत्येक रोग्याची नोंद ठेवण्याची शिस्त होती, हे सिद्ध होते. महाराजांना या कामात जातीने रस होता हेही मानता येते. त्यांनी हातात शस्त्र घेतले, हे विधान मात्र त्यापुढचे. जेथे डॉक्टर पदरी आहे तेथे राजाच्या दवाखान्यात झाले ते राजाच्या हातून झाले, असा सरसकट अर्थ काढता येत नाही. ताजमहाल शहाजहानने बांधला असे आपण म्हणतो, पण त्याच्या हाती थापी होती असे कोणी समजत नाही. आमच्या मते तर नोंदीचीच थोरवी अधिक. कोणता उपचार केला व रोग्यास गुण आला की नाही हे लिहून ठेवणारा मनुष्य आपले म्हणणे तपासणीस खुले ठेवतो.

बंगालच्या उपसागराकाठी मल्लिपट्टणमजवळ महाराजांनी मनोरा नावाची आठमजली षट्कोनी इमारत उठविली. ती वॉटर्लूच्या विजयाचे स्मारक म्हणून अनेक ठिकाणी छापलेले आढळते. तेथील शिलालेखात नेपोलियनच्या पाडावाचा उल्लेख आहे, पण वर्ष १८१४ चे आहे, आणि वॉटर्लूची लढाई झाली जून १८१५ मध्ये. तेव्हा तो १८१४ मधील नेपोलियनच्या पहिल्या पदत्यागाचा संदर्भ होय. मजकूर इंग्रजांच्या मैत्रीचा आहे म्हणून काही जण महाराजांस खुशामती ठरवितात. त्यांनी १७९९ चा तह पुन्हा एकदा वाचावा. ज्याचे वर्षासन दुसऱ्याच्या खजिन्यातून येते, त्याच्या सार्वजनिक स्तुतीवरून त्याचे अंतरंग ओळखू नये.

त्यांच्या धर्माविषयीही अशीच वदंता होती. मिशनऱ्यांच्या हाताखाली वाढलेले, श्वार्ट्झ यांच्या स्मरणार्थ लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून आणणारे सरफोजी मनातून ख्रिस्ती असावेत, अशी आशा काहींना वाटे व धास्ती काहींना. त्या शिल्पात मरणासन्न गुरूचा हात हाती घेतलेले महाराज दाखविले आहेत. शिल्पकाराने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. तेव्हा ते शिल्प कृतज्ञतेचा पुरावा आहे, प्रसंगाचा नव्हे. धर्माचा दाखला महाराजांच्या आचरणात शोधावा. १८२० ते १८२२ या काळात मोठा लवाजमा घेऊन त्यांनी काशीयात्रा केली आणि तेथील घाटांची चित्रे काढवून आणली. गुरूचा धर्म आणि गुरूचे ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कळत होते.

मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरास आले. लाव्हाझिए, लिनीअस, बुफाँ या शास्त्रज्ञांचे दाखले देणारा, शेक्सपिअरच्या काव्यावर मार्मिक बोलणारा हा राजा पाहून ते थक्क झाले, आणि त्यांनी तसे लिहून ठेवले. भेट अल्पकाळची, आणि हिंदी राजाकडून एवढी अपेक्षा नसल्यामुळे विस्मय थोडा अधिक, हे धरूनही ही साक्ष मोलाची आहे. कारण साक्षीदारास राजाकडून काही घ्यावयाचे नव्हते, आणि त्यानंतर आठवड्याच्या आतच, ३ एप्रिल रोजी, तिरुच्चिरापल्ली येथे त्यांना मृत्यूने गाठले.

७ मार्च १८३२ रोजी महाराज निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुरुष वारसावाचून वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. राजवाड्यातील खाजगी मालमत्ताही जप्त झाली. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये हे राज्यसत्तेचे कृत्य असून न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे आहे असे ठरविले, तरी सरकारने १८६२ मध्ये खाजगी मालमत्ता परत केली. सरस्वती महाल १९१८ मध्ये लोकांसाठी खुला झाला. तंजावर दरबारच्या मोडी कागदांचे रुमाल मात्र दीर्घकाळ वाचकाची वाट पाहत राहिले, कारण तमिळ विद्वानांस मोडी येईना आणि मोडी जाणणारे मराठी विद्वान तंजावरास क्वचित जात. पुढे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक कागद तमिळमध्ये आणले. आपल्या राजाचे दप्तर आपणांपूर्वी शेजाऱ्यांनी वाचले, ही गोष्ट अभिमानाची भाषणे करणाऱ्या आपण सर्वांनी मनावर घेण्यासारखी आहे.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात पूर्वजांचे स्मरण करताना कोणी हिशेब मांडू लागला तर ते काहींना रुचणार नाही. पण परमुलखात वाढणारी आपली मुले चौकस आहेत, आणि त्यांचे शेजारी अन्य भाषांचे आहेत. जगातील पहिला, जगातील मोठा, असे सांगून मुलास शाळेत पाठविले आणि तेथे कोणी राजसमंदच्या पंचवीस शिला दाखविल्या, तर त्याचा विश्वास एका विधानावरून उडत नाही, तो साऱ्या परंपरेवरून उडतो. खोट्या नाण्यामुळे खरे नाणेही परत येते. उलट, दहाव्या वर्षी चुकीच्या चौकशीने गादी गमावलेला, विसाव्या वर्षी फेरतपासणीने ती मिळविलेला, बाविसाव्या वर्षी राज्य हातचे गेलेला, आणि उरलेली तेहेतीस वर्षे ग्रंथ, रोगी, विद्यार्थी व वाटसरू यांच्या सेवेत घालविणारा सरफोजी राजा त्याला सांगितला, तर त्यातील एकही शब्द त्यास मागे घ्यावा लागणार नाही.

आपल्यापैकी ज्यांना सवड आहे त्यांनी पुढील सुट्टीत रामेश्वरास जाताना तंजावरास दोन दिवस मुक्काम करावा. देवळाच्या भिंतीवरील मराठी अक्षरे मुलांकडून वाचवून घ्यावीत. आणि ज्यांच्या घरी मोडी जाणणारे एखादे वडीलधारे माणूस अजून असेल, त्यांनी ती लिपी त्यांच्याकडून शिकून घेण्यास विलंब लावू नये. तंजावरचे पुष्कळसे रुमाल अद्याप सोडावयाचे आहेत.